कोरं कार्ड

खॉ बेंगतेक यांच्या पाकिटात तीन वस्तू कायम असायच्या. ओळखपत्र, देवळातून आणलेला ताईताचा पिवळा कागद आणि आरोग्यविम्याचं कार्ड. त्यातलं कार्ड सगळ्यात पुढे. दुकानात बोलता बोलता कोणाच्या आजारपणाचा विषय निघाला की ते पाकीट उघडून कार्ड दाखवायचे आणि म्हणायचे, "आपल्याला कसली चिंता? खासगी इस्पितळ, एसी खोली, काचेची लिफ्ट." एकोणीस वर्षं त्यांनी हप्ते भरले होते आणि कार्ड एकदाही वापरलं नव्हतं. ते कोरं राहिलं याचाच त्यांना मोठा अभिमान होता.

आमच्या सुंगाई लिमाऊ गावाच्या बाजारात जुन्या टपालकचेरीसमोर त्यांचं टायरचं दुकान. मोटारसायकल असो, लॉरी असो, पंक्चर काढावं तर बेंगतेकनीच. वय एकोणसाठ, आवाज मोठा, पायात बारा महिने रबरी चपला. गाव त्यांना 'तावके' म्हणायचं, म्हणजे मालक, आणि ते मालकासारखेच वागायचे.

मार्च महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं. हप्ता दीडपट झाला होता. कारणं पानभर लिहिली होती, इस्पितळांचे दर वाढले, औषधं महागली, तुमचं वयही वाढलं. गेकसिमबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"एकोणीस वर्षं तुम्ही साधे शिंकायलासुद्धा यांच्याकडे गेला नाहीत," त्या म्हणाल्या. "हा काय, आजारी न पडल्याचा दंड आहे का?"

"वेई लूनला बोलाव," बेंगतेक म्हणाले.

वेई लून हा गेकसिमबाईंच्या भावाचा मुलगा, विम्याचा एजंट. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल, बोलणं लोण्यासारखं. अर्ध्या बाजाराचे विमे त्यानेच उतरवले होते. आल्याआल्या त्याने काकांना धीर दिला.

"काका, जुनं सोडून द्या. दुसऱ्या कंपनीची नवी योजना आहे, हप्ता निम्मा. फक्त एक करायचं. या फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न आहेत, सगळीकडे 'नाही'. आणि सही केल्यापासून चार महिने कुठल्याही डॉक्टरची पायरी चढायची नाही. रक्त तपासायचं नाही, साखर बघायची नाही. एकदा नोंद झाली की कंपनी म्हणणार, हा आजार आधीचाच, आम्ही काही देणार नाही. चार महिने गेले की तुम्ही राजे."

"आणि चार महिन्यांत काही झालं तर?" गेकसिमबाईंनी विचारलं.

"आत्या, काकांना काय होतंय? घोड्यासारखे आहेत."

काका खूश झाले. जुना विमा सोडला आणि सही केली. तांदूळवाल्याने नव्या वर्षाला दिलेलं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर भिंतीवर होतं. त्याची पानं उलटून त्यांनी जुलैच्या बावीस तारखेभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

आता खरं सांगायचं तर वर्षभरापासून बेंगतेकना तहान फार लागत होती. रात्री उठून उठून पाणी प्यायचे. पायाला मुंग्या यायच्या. त्यांच्या आईला साखरेचा आजार होता, हेही त्यांना माहीत होतं. पण तपासलं नाही की आजार नाही, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडे असे हिशोब करणारे ते एकटेच नव्हते.

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी गेकसिमबाईंना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. दुकानापासून स्वयंपाकघरापर्यंत. बेंगतेक निवांत खुर्चीत बसून दाट दुधाची गोड कॉफी पीत होते. चपलेच्या तळातून दोन इंच खिळा आरपार गेलेला.

"अहो, पाय बघा!"

त्यांनी पाय वर केला, पकड घेतली, टायरमधून काढतात तसा खिळा उपटला आणि हसले. "कळलंसुद्धा नाही बघ. जरा म्हणून दुखलं नाही. तीस वर्षं या कामात घालवली, कातडं टायरचं झालंय."

ती गोष्ट त्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांना फुशारकीने सांगितली. पुढच्या आठवड्यात सांगणं बंद केलं, कारण जखम भरत नव्हती. चिनी औषधांच्या दुकानातून पिवळी पूड आणली, तेल लावलं, चिंधी बांधली. गेकसिमबाई म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दाखवून या, पाच मिनिटांचं काम आहे." बेंगतेकनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. अजून सहा आठवडे होते.

"तुम्ही पाय सांभाळताय की ते कार्ड?" बाईंनी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तावके मोजे आणि बूट घालून दुकानात बसू लागले.

मिसी झाबेदाने नेमके ते बूट पाहिले.

आमच्याकडे नर्सला 'मिसी' म्हणतात आणि ती निवृत्त झाली तरी मिसीच राहते. झाबेदाबाईंनी सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं काढली होती. अर्ध्या गावाला त्यांनी टोचलं होतं, उरलेल्या अर्ध्याला झापलं होतं. जूनच्या एका सकाळी त्या आपली जुनी मोटारसायकल ढकलत आल्या.

"तावके, मागचं चाक बसलंय. अरे वा, बूट? कोणाच्या लग्नाला निघालात?"

"फरशी ओली असते हो, मिसी."

"तीस वर्षं ओलीच होती." त्या स्टुलावर बसल्या. बेंगतेक चाक काढायला खाली वाकले आणि मिसींनी नाकाला रुमाल लावला. "हा कसला वास?"

"रबराचा. टायरच्या दुकानात फुलांचा येणार का?"

"रबराचा वास मला कळतो. सडलेल्या मांसाचाही कळतो. मोजा काढा."

"मिसी, तुम्ही आता रिटायर झालात."

"नाक नाही झालं रिटायर. काढा म्हणते ना."

गेकसिमबाई आतून आल्या आणि त्यांनी खिळ्याची सगळी हकिगत सांगून टाकली. कार्ड, चार महिने, लाल गोल, काही लपवलं नाही. बेंगतेक रागाने बायकोकडे बघत राहिले. खिळा घुसला तेव्हा दुखलं नाही, हे ऐकल्यावर मात्र मिसींचा थट्टेचा सूर गेला.

"तावके, दुखलं नाही हीच तर वाईट बातमी. साखरेने पायाची जाणीव मेलीय तुमच्या. आज उठा आणि इस्पितळात चला."

"बावीस जुलैनंतर जातो. खासगीत. कार्डावर."

"कुठलं कार्ड? हा पाय बघून तिथला डॉक्टर पाच मिनिटांत लिहील की आजार जुना आहे. तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंय, कंपनी हात वर करणार. मग ती काचेची लिफ्ट नुसती बघून परत या." त्यांनी चाकाकडे बोट केलं. "या माझ्या टायरात खिळा आहे. मी म्हटलं, राहू दे, दीड महिन्याने काढू, तोवर अशीच चालवते, तर काय म्हणाल?"

"वेडी म्हणेन."

"मग स्वतःला काय म्हणता?"

बेंगतेकनी खिळा काढून पंक्चर जोडलं, चाक बसवलं, हवा भरली आणि पान्हा आपटून पेटीत टाकला. "सरकारी इस्पितळात मी जाणार नाही. तिथे माणसं मरायला जातात. माझा बाप तिथल्या बाकड्यावर मेला. मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच दिवशी ठरवलं, घरातलं कोणी पुन्हा तिथे जाणार नाही. कार्ड पुढे त्यासाठीच घेतलं."

हे त्यांनी गावात अनेकदा सांगितलेलं होतं आणि ऐकणारे मान हलवायचे. मिसींनी पंक्चरचे पैसे ठेवले, मोटारसायकलला किक मारली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "ताप आला तर एक तासही थांबू नका, गेकसिम."

ताप पाचव्या दिवशी आला. मंगळवार होता, सकाळचे दहा. बेंगतेक लॉरीच्या टायरला टेकून बसले होते, अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ सुकलेले. तरी म्हणत होते, थोडं पाणी दे, जाईल. गेकसिमबाईंनी पाणी दिलं नाही. त्या दुकानाच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी लोखंडी शटर खाली ओढलं. नवं वर्ष सोडून ते शटर कधी दिवसा बंद झालं नव्हतं. शेजारचे लोक बाहेर येऊन बघू लागले.

"काय करतेस?" बेंगतेक ओरडले.

"तेवीस वर्षं एक गोष्ट मी बोलले नाही, ती आज बोलते," अंधाऱ्या दुकानात बाई म्हणाल्या. "बाबा सरकारी बाकड्यावर गेले, खरं आहे. पण त्याआधी नऊ दिवस ते आपल्या घरी होते. पोट फुगलं होतं. मी म्हणत होते न्या, आणि तुम्ही म्हणत होतात, तिथे कशाला, बरं वाटेल. मांत्रिक आणलात, काढे दिलेत. नवव्या दिवशी नेलं, तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. त्या लोकांच्या हातात बाबा अर्धा तास होते. आपल्या हातात नऊ दिवस होते. इस्पितळाने नाही मारलं त्यांना. आपण उशीर केला. तुम्हाला ते सोसवत नाही म्हणून तुम्ही इस्पितळाला शिव्या देता, आणि मी ऐकून घेते. आता नाही ऐकणार. मला विधवा व्हायचं नाही."

बेंगतेकनी बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या, पण गाठ सुटेना. गेकसिमबाईंनी खाली बसून बूट काढला. मोजा कातड्याला चिकटला होता. तो निघाला तेव्हा त्यांनी स्वतःचा पाय बघितला आणि ते लहान मुलासारखे रडले.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं. दारात चाकाची खुर्ची मिळाली. तिच्या डाव्या चाकात हवाच नव्हती. खुर्ची थप थप करत, एका बाजूला कलत चालली. एकशे तीन ताप असलेला तो माणूस ढकलणाऱ्याला म्हणाला, "हे टायर कोण बघतं?"

"कोणी नाही, अंकल."

"दिसतंच आहे."

गर्दी होती, ते खोटं कशाला बोलू. बाकांवर जागा नव्हती, पंख्यांपैकी एक फिरत नव्हता, खोकणाऱ्या मुलांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. पण दारातल्या नर्सने पाय बघितला आणि त्यांना रांगेत ठेवलंच नाही. तपासणी झाली. साखर इतकी वाढलेली, की तरुण डॉक्टरीणबाईंनी यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा मोजली. मग त्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या.

"अंकल, दोन बोटं गेली आहेत. ती आजच काढावी लागतील. पाय वाचवायचा मी पूर्ण प्रयत्न करते. आणखी आठवडा थांबला असतात, तर गुडघ्याखाली कापावा लागला असता."

"आणि बावीस जुलैला आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाईंना त्या तारखेचं काही कळलं नाही. "त्या तारखेला तुम्ही आला नसतात, अंकल," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया संध्याकाळी झाली. दोन बोटं गेली, पाय राहिला. बेंगतेक सोळा दिवस त्या वॉर्डात होते, वीस खाटा, छताला पंखे, सकाळी पातळ भात. पहिले दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी लॉरीच्या टायरांवरून वाद घालू लागले, तेव्हा गेकसिमबाईंच्या जिवात जीव आला.

मिसी झाबेदा केळी न आणता हात हलवत भेटायला आल्या. "साखरवाल्याला केळी कशाला? काय, कसं आहे मरायचं ठिकाण?"

"पंखा बंद आहे दारातला," बेंगतेक म्हणाले. "खुर्चीत हवा नाही. रांग बघा केवढी. एवढं मोठं इस्पितळ, आणि कोणी बघत नाही?"

"कोण बघणार? तावके, मी चौतीस वर्षं इथे होते. पूर्वी सगळं गाव इथेच यायचं. दुकानदार, शाळेचे हेडमास्तर, नगरसेवक. पंखा बंद पडला तर संध्याकाळपर्यंत चार माणसं साहेबाच्या खोलीत जाऊन भांडायची. मग एकेकाने कार्ड घेतलं आणि ज्याला भांडता येत होतं तो काचेच्या लिफ्टकडे गेला. मागे राहिला तो गरीब. त्याला वाटतं, मिळतंय तेच खूप. तुम्ही इथे आला नाहीत म्हणून हे असं झालं, आणि असं झालं म्हणून तुम्ही येत नाही. हे इस्पितळ तुमचं आहे हो. टायर विकून जो कर भरता ना, त्याचंच आहे."

"माझ्यासारख्याने कार्ड घेऊच नये म्हणता?"

"घ्या की. झेपत असेल तर खुशाल घ्या, पण खरं लिहून घ्या. छत्री घेतली म्हणून घराचं छप्पर गळू द्यायचं नसतं, एवढंच म्हणते." एवढं बोलून मिसींनी त्यांची जखम कोणी कशी बांधलीय ते तपासलं आणि समोरच्या नव्या नर्सला दोन सूचना करून त्या गेल्या.

घरी सोडलं त्या दिवशी गेकसिमबाई पैसे भरायच्या खिडकीशी गेल्या. कारकुनाने रक्कम सांगितली. पहिल्या तपासणीची एक रिंगिटची नोट, खाटेचे रोजचे थोडे. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. एवढ्यात तर बाजारात चार माणसांचं धड जेवण झालं नसतं. त्यांनी पावती घडी करून छातीशी धरली आणि तिथेच खिडकीपाशी त्यांचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर बेंगतेकनी पहिलं पत्र लिहिलं ते विमा कंपनीला. फॉर्मवर आपण खोटं लिहिलं, आजार आधीपासून होता, असं सरळ लिहिलं. कंपनीने करार रद्द केला. कार्ड गेलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वाईट वाटलं.

बावीस जुलैला सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. वेई लून उतरला, हातात ड्युरियनची दोन मोठी काटेरी फळं. महिनाभर तो कंपनीच्या सहलीत आणि बैठकांत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. आत्याने मुद्दामच कळवलं नव्हतं.

"काका, आजपासून तुम्ही मोकळे," तो दारातूनच म्हणाला. "चार महिने पुरे झाले. आता हवं त्या डॉक्टरकडे जा."

बेंगतेक खुर्चीवर बसले होते. ते खाली वाकले, बूट काढला, मोजा काढला आणि तो पाय स्टुलावर ठेवला. तीन बोटांचा पाय.

वेई लूनच्या हातातले ड्युरियन तसेच राहिले.

"खिळा लागला," काका शांतपणे म्हणाले. "तुझ्या कार्डाला डाग लागू नये म्हणून मी तो सडू दिला. तुझ्यावर ढकलत नाही. वय माझं, सही माझी, मूर्खपणाही माझा. पण एक विचारतो. हे चार महिन्यांचं तू आणखी किती जणांना सांगितलंयस?"

वेई लूनने मान खाली घातली. "सगळ्या नव्या लोकांना सांगतो, काका. सगळेच एजंट सांगतात. या वर्षात माझे अकरा जण झाले."

"त्यातला एखादा आत्ता कुठेतरी छातीवर हात दाबून तारीख मोजत बसला असेल. फोन काढ."

"काका, करार रद्द होतील. माझी नोकरी..."

"माझी बोटं परत येणार नाहीत. त्यांची अजून शाबूत असतील. बस तिथे."

वेई लून उभा राहिला, आत्याकडे बघितलं. आत्याने एक जुनं टायर पायाने त्याच्याकडे सरकवलं. इस्त्रीची पॅंट सांभाळत तो त्यावर बसला आणि त्याने पहिला नंबर लावला. "काकू, मी वेई लून. मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. हो, आजच. कार्डाचं मी बघतो." दुपारपर्यंत अकरा फोन झाले. सातवा फोन ठेवताना त्याचा आवाज फुटला, कारण पलीकडची बाई खरोखरच चार महिने संपायची वाट बघत होती. तिच्या छातीत गाठ होती. ती त्याच दिवशी इस्पितळात गेली. आज ती बाजारात भाजी घेताना दिसते.

नागरिकहो, विमा हा वाईट नाही आणि सरकारी इस्पितळ हे स्वर्ग नाही, हे मीही जाणतो. पण जे कार्ड कोरं ठेवायला आपण स्वतःचा आजार लपवतो, ते आपलं रक्षण करत नसतं, आपणच त्याचं रक्षण करत असतो. हप्ता परवडेल तर भरा, खरं लिहून भरा. आणि गावातल्या सरकारी इस्पितळाकडे पाठ फिरवू नका. ते आपल्याच पैशांवर उभं आहे. आपण तिथे गेलो, बसलो, बंद पंख्यासाठी भांडलो, तरच ते आपल्या लायकीचं होईल. वेळेवर गेलेला माणूस तिथून चालत बाहेर येतो, हे सुंगाई लिमाऊने डोळ्यांनी बघितलं आहे.

बेंगतेक दर गुरुवारी पट्टी बदलायला तिथे जातात. जाताना हवेचा पंप आणि पंक्चरची पेटी नेतात. पट्टी झाली की व्हरांड्यात स्टूल टाकून बसतात आणि चाकाच्या खुर्च्या एकेक करून तपासतात. दारातला पंखाही आता फिरतो, त्यासाठी ते साहेबाच्या खोलीत तीनदा जाऊन आले. पाकिटात पुढच्या कप्प्यात आता इस्पितळाचं साधं पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यावर तारखांचे शिक्के इतके झालेत की कोरी जागा उरलेली नाही. गिऱ्हाईक आलं की तावके अजूनही पाकीट उघडतात आणि तेच दाखवतात.